पाचशे रुपयांचं टोकन

मार्गशीर्षातला गुरुवार, साल २०२४. घरात महालक्ष्मीचा घट मांडायची गडबड चालली होती आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. पलीकडून एक तरुण मुलगा हिंदीत बोलत होता. माझं नाव त्याला आडनावासकट ठाऊक होतं. कामरेजला राहणारा अमुक माझा कोण लागतो, असं त्यानं विचारलं. आतेभाऊ, मी म्हटलं. “आपके भाई ने लोन लिया है और आपका रेफरन्स दिया है. आप समझाओगे, या हम आपके गाँव आकर समझाएँ?”

माझ्या हातात पूजेचा नारळ होता. तो तसाच धरून मी एका अनोळखी पोराला सांगत राहिलो, की माझा या कर्जाशी संबंध नाही, मी कुठे सही केलेली नाही, मी जामीन नाही. आवाज मात्र जामीन राहिल्यासारखाच निघत होता. बायको देवघरातून बघत होती. त्या आठवड्यात असे चौदा फोन आले, दर वेळी वेगळ्या नंबरावरून.

मी काय केलं? आतेभावावर चिडलो. न विचारता माझा नंबर दिलाच कसा, म्हणून तीन आठवडे त्याला साधा फोनही केला नाही. वसुलीवाल्यांना नेमकं हेच हवं असतं, हे मला कामरेजला गेल्यावर कळलं.

सुरतेची वाट आम्हा खानदेशी माणसांना पाठ असते. नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत अहिराणी सर्रास कानावर पडते. कामरेज शहराबाहेर, राष्ट्रीय महामार्ग ४८ वर. चार रस्त्याला उतरलं की एक फाटा सरथाणा, वराछा करत हिऱ्यांच्या नि कापडाच्या सुरतेत शिरतो, आणि महामार्ग उत्तरेला तापी ओलांडून जातो. ही तापी आमच्या प्रकाशा गावाहूनच वाहत आलेली. गाव दिसायला हमरस्त्यावरचं धुळकट ठिकाण, पण जुनं आहे. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथातलं काम्मोनी ते हेच, असं काही संशोधक मानतात. चालुक्यांच्या ताम्रपटातलं कर्मणेयही हेच समजलं जातं. कुणाची जमीन कुणाला दिली, हे तेराशे वर्षांपूर्वी या मुलखात तांब्यावर कोरून देत असत. आतेभावाकडे त्याच्या कर्जाचा कागदाचा चिठोराही नव्हता.

जानेवारीतला हा रस्ता उसाचा असतो. बारडोलीपासून साखर कारखान्यांचा पट्टा सुरू होतो; कामरेज विभागाचा सहकारी कारखाना नवी पारडीला आहे. रस्त्याकडेला तोडणीवाल्यांचे पडाव, काळ्या प्लास्टिकच्या झोपड्या. डांग, तापी, नंदुरबार, धुळे इथून आलेली कुटुंबं. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात याच पट्ट्यातल्या तोडणीचा अभ्यास केला. पावसाळ्यात मुकादम खायला पैसे देतो, तिला इकडे खावटी म्हणतात, आपल्याकडची उचलच ती. हंगामाच्या शेवटी ती चढ्या व्याजासह मजुरीतून वळती होते. त्या तोडणीवाल्याला तगाद्याचा फोन येत नाही, कारण त्याचा धनको झोपडीपासून हाकेच्या अंतरावर झोपतो. वही मात्र मुकादमाकडेच असते.

आतेभाऊ एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मशीन चालवतो. कारखान्याला इथे खातं म्हणतात, बँकेतलं खातं वेगळं. बारा तासांची पाळी. त्याच्या एका खोलीत शिरलो तेव्हा त्याची बायको तांदळाच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत होती. फोन निघाला. वाजत असला की तो डब्यात, तांदळाखाली. सात वर्षांच्या मुलीला नंबराचे सुरुवातीचे आकडे बघूनच कळायचं, की हा फोन उचलायचा नाही.

२०१९ साली आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यानं एका फायनान्स कंपनीकडून नव्वद हजार घेतले होते. मोबाइलवरच अर्ज, मोबाइलवरच मंजुरी, चोवीस हप्ते. आठ हप्ते वेळेवर गेले आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. खातं बंद, पगार बंद. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलण्याची मुभा आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत दिली, पण हप्ता थांबला तरी व्याज चालूच होतं. त्या काळातल्या व्याजावर व्याज लावू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये दिला. तोवर हा गावी जाऊन परत आला होता, नवं खातं शोधत होता. डिसेंबर २०२० मध्ये त्यानं शेवटचा हप्ता भरला आणि मग सुटलंच. मुद्दल त्याच्या हिशेबानं बासष्ट हजारांच्या आसपास राहिलं होतं. २०२४च्या डिसेंबरात फोनवरचा आकडा एक लाख एकाहत्तर हजारांवर गेला होता.

“पैसा लिधात ते देनाच पडतीन, भाऊ,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पन कितला?”

या प्रश्नाचं लेखी उत्तर दोन वर्षांत त्याला कुणी दिलं नव्हतं. एक म्हणे एक एकाहत्तर, दुसरा म्हणे आज भरलेस तर नव्वद, तिसरा म्हणे आत्ता फक्त पाचशे टोकन टाक, मी फाइल बंद करतो. एक जण खात्यात येऊन शेठसमोर उभा राहिला होता. त्या दिवसापासून शेठनं उचल द्यायचं बंद केलं. म्हणजे ज्या कमाईतून पैसे फिटायचे, तिच्यावरच घाव.

इथे सुरतेचीच एक गोष्ट सांगायला हवी. हे शहर उधारीवर चालतं. कापड आधी जातं, पैसे महिन्यांनी येतात, आणि त्यांच्या मागे लागण्याला गुजरातीत उघराणी म्हणतात. एखादा व्यापारी कोट्यवधींचं देणं बुडवून दुकान बंद करून नाहीसा झाला, की त्यानं ‘उठमणुं’ केलं असं म्हणतात. गुजरातीत हाच शब्द मृत्यूनंतरच्या शोकबैठकीलाही आहे. व्यापाऱ्याचं उठमणुं पेपरात छापून येतं, दोन महिने चर्चा होते आणि बाजार पुढे सरकतो. नव्वद हजारवाल्याचं उठमणुं मात्र त्याच्या शेजाऱ्यांसमोर, रोज सकाळी सातला.

चार रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीवर मला एक तरुण भेटला. दोन वर्षं एका वसुली एजन्सीत फोनवर बसलेला, आता मालवाहू रिक्षा चालवतो. त्यानं धंद्याची भाषा समजावली. हप्ता चुकला की खातं ‘बकेट’मध्ये पडतं. पहिले तीस दिवस एक बकेट, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. त्यानंतर ते बुडीत. पहिल्या बकेटला गोड बोलणारी मुलगी, शेवटच्या बकेटला ‘फिल्ड’वाले. माणसानं अमुक तारखेला भरतो म्हटलं, की पडद्यावर ‘पीटीपी’ लिहायचं, म्हणजे भरण्याचं वचन. पगार थोडा, बाकी कमिशन. त्याच्या स्वतःच्या नावावर दुचाकीचं कर्ज होतं, हप्ते थकलेले. दुपारी दुसऱ्यांना दम द्यायचा आणि संध्याकाळी स्वतःचा फोन सायलेंटवर टाकायचा. “रेफरन्सला का फोन करता?” मी विचारलं. “कर्जदाराला सवय होऊन जाते, साहेब. नातेवाइकाला सवय नसते.”

त्याच्या या वाक्यात सगळा धंदा आला. वसुलीचं भांडवल पैसा नव्हे, लाज. आणि ती लाज माझी होती, म्हणून तर मी तीन आठवडे आतेभावाशी बोललो नाही.

लाजेवर वसुली करण्याची रीत आपल्याला नवी नाही. तगादा हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि मराठी मुलखात त्याचं शास्त्रच झालं. देणेकऱ्याच्या दारात धनको किंवा त्याचा माणूस धरणं धरून बसायचा; आतल्या माणसाला जेवण गोड लागू द्यायचं नाही, बाहेर पडू द्यायचं नाही. सरदारांच्या दारातही असे तगादे बसलेले ब्रिटिश प्रवाशांनी पाहिले आहेत. थोरल्या बाजीरावानं धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या पायांवर डोकं घासण्याची भाषा आहे. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याचा गुन्हा कलम ५०८ मध्ये सांगितला, आणि त्याचं उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसलेला माणूसच दिला. धरणं आता आंदोलनवाल्यांकडे गेलं. दारातला माणूस फोनमध्ये शिरला. पण जुना तगादेवाला निदान दिसायचा. गावाला ठाऊक असायचं हा कुणाचा माणूस, किती रुपयांसाठी बसलाय, आणि त्यालाही उन्हात बसावं लागायचं.

मग आठवतं सुपे. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांना इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांनी मागितले ते कागद. कर्जखतं, गहाणखतं, हुकूमनामे. ज्या सावकारानं कागद गुमान काढून दिले, त्याला बहुधा धक्काही लागला नाही. कागद पेटवले गेले. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. शाळेत त्याचं नाव परीक्षेपुरतं पाठ करतो, पण तो नीट वाचण्यासारखा आहे. शेतकऱ्याला कर्जापायी कैद करायची नाही. न्यायाधीशानं खतावरचा आकडा डोळे मिटून न मानता पहिल्या देवघेवीपासून हिशेब तपासायचा. आणि सावकारानं पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशेब लिहून द्यायचा. त्या काळी कागद सावकाराच्या हातातलं शस्त्र होता, म्हणून तो जाळावा लागला. आज उलटं आहे. कागद मागितला की वसुलीवाल्याची पंचाईत होते.

हे सुचायला मला सुरतेतल्या एका वकीलबाईंकडे जावं लागलं. त्यांनी आधी आतेभावाला विचारलं, टोकनचे पाचशे भरले का? नव्हते भरले. “बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं.

१९६३च्या मुदत कायद्यानुसार अशा पैशासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला. म्हणून डिसेंबर २०२० च्या थकबाकीची तीन वर्षं ढोबळ मानानं १ मार्च २०२२ पासून धरायची, म्हणजे फेब्रुवारी २०२५ अखेर. आम्ही त्यांच्यापुढे बसलो होतो जानेवारीत. मुदत संपण्याआधी कर्जदारानं थोडी रक्कम भरली आणि त्याच्या हातची किंवा सहीची तशी नोंद झाली, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. ‘होय, माझं देणं आहे’ असं सही करून लिहून दिलं तरी तेच. फोनवरच्या पोराला हा हिशेब ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्याला पाचशेचा आकडा वरून आलेला असतो. वरच्याला मात्र ठाऊक असणारच.

मग रिझर्व्ह बँकेचे नियम. ते पुष्कळ आहेत आणि वाईट नाहीत. बँकांसाठीच्या २००८च्या नियमांनुसार एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं, आणि कर्जदाराची तक्रार निकाली निघेपर्यंत प्रकरण एजन्सीकडे द्यायचं नाही. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन नाहीत. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान नाही. घरचे, मित्र आणि रेफरन्स दिलेली माणसं यांच्या खासगी आयुष्यात घुसणं नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जांना तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढाच वेळ. एजंट कुणीही असो, जबाबदारी कर्ज देणाऱ्या कंपनीची. त्याच वर्षी सप्टेंबरात झारखंडमधल्या हजारीबागला ट्रॅक्टरच्या वसुलीत एक गर्भवती स्त्री ट्रॅक्टरखाली येऊन मेली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं महिंद्रा अँड महिंद्रा फायनान्शियल सर्व्हिसेसला बाहेरच्या एजन्सींकडून वसुली करायला बंदी घातली. ती जानेवारी २०२३ मध्ये उठली. त्याआधी, २००७ साली, एका खासगी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गुंडांकरवी वसुली करू नका, असं स्पष्ट बजावलं होतं.

एक गोष्ट मला खटकली, ती लिहून ठेवतो. आपल्याकडे दामदुपटीची जुनी रीत होती: एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. बासष्ट हजारांवर एक लाख नऊ हजारांचा बोजा त्या काट्यावर उभाच राहिला नसता. पण राज्यांचे सावकारी कायदे अशा कंपन्यांना लागत नाहीत. केरळ आणि गुजरात या दोन राज्यांचे कायदे रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या फायनान्स कंपन्यांना लागू नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०२२ रोजी दिला. म्हणजे कामरेजच्या गल्लीतल्या व्याजखोराला गुजरातचा २०११चा सावकारी कायदा आहे, मोबाइलवरच्या कंपनीला नाही. तिला दिल्ली-मुंबईहून नियम. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. मला ते पटलेलं नाही.

वकीलबाईंनी फी घेतली पाचशे रुपये, आणि एक ई-मेल लिहून दिला. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला. कर्ज आज कुणाच्या ताब्यात आहे? तुम्ही ते विकलंत का? विकलं नसेल तर वसुलीला कुणाला नेमलंत, त्याचं अधिकारपत्र द्या. पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा द्या. रेफरन्सला फोन बंद करा. सोबत माझ्या फोनमधल्या चौदा कॉलच्या वेळा, त्यातला पहिला सात वाजून दहा मिनिटांचा. देणं आहे किंवा नाही यावर अक्षर नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करू, असं शेवटी. ती तक्रार फुकट आहे, १४४४८ वर माहिती मिळते.

मधल्या काळात व्हॉट्सॲपवर एक ‘नोटीस’ आली. वर तराजूचं चित्र, खाली लाल अक्षरांत अटक. आतेभावाची बायको रडली. मी ती वकीलबाईंना पाठवली, त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: नुसत्या थकलेल्या वैयक्तिक कर्जासाठी पोलीस अटक करत नाहीत, चेक दिला असेल तर तेवढं सांगा. चेक दिला नव्हता. लोकअदालतीची नोटीस खरी असू शकते, पण तिथे तडजोडीला बोलावतात, बेड्या घालायला नाही. पैशासाठी फोटो पसरवण्याची धमकी देणारं मोबाइल ॲप असेल तर मात्र ते प्रकरण वेगळं. तिथे वाट न बघता १९३०. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे, स्त्रियांना आणि इतर अनेकांना तिथे वकील फुकट मिळतो.

एकोणिसाव्या दिवशी खातेउतारा आला. मुद्दल एकसष्ट हजार आठशे. त्याखाली व्याज, दंड, दंडावर चढलेलं व्याज, आणि ‘कलेक्शन चार्जेस’ या नावाखाली अठरा हजार. म्हणजे मला सकाळी सातला दम देण्याचा खर्चही आतेभावाच्याच खात्यावर. उतारा हाती आल्यावर पुढचा फोन आला तेव्हा आतेभावानं तो पहिल्यांदा तांदळाच्या डब्यातून काढून स्वतः उचलला. “अठरा हजारचं बिल पाठवा,” एवढंच म्हणाला. पलीकडचा मुलगा गप्प झाला, मग साहेबांशी बोलतो म्हणाला.

फेब्रुवारी संपला. वकीलबाईंनी स्वच्छ सांगितलं: आता दाव्याची मुदत गेल्यासारखी आहे, नवा कागद सही करून दिलास तर देणं पुन्हा जिवंत होईल, विचार कर. मुदत गेली म्हणून कर्ज पुसलं जात नाही, क्रेडिट रिपोर्टवर डाग राहतोच, पण कोर्टाची भीती उरत नाही. आतेभावानं तिथल्या तिथे सांगितलं, की त्याला फेडायचंय. आईचा गुडघा त्या पैशानं चालतोय. मला क्षणभर वाटलं, हा मूर्खपणा आहे. आज वाटत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अडुसष्ट हजारांवर तडजोड झाली, तीन हप्त्यांत. आधी कंपनीचं लेखी पत्र आलं, मगच पहिला हप्ता गेला, तोही थेट कर्जखात्यात. एजंट स्वतःच्या नंबरावर यूपीआय करायला सांगत होता, ते ऐकलं नाही. जुलैत ‘देणं बाकी नाही’ असा दाखला आला. सिबिलच्या रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ लिहिलंय, म्हणजे पुढचं कर्ज अवघड. शेठ पुन्हा उचल देऊ लागलाय. तांदळाच्या डब्यात आता तांदूळ असतात.

मी त्याच्या रेफरन्स यादीत आलो कसा, हे शेवटी विचारलं. अर्जात दोन नावं भरायची होती. त्यानं एक माझं लिहिलं, कारण गावाकडे त्याच्या ओळखीत नोकरीला लागलेला मीच एक होतो. त्याला वाटलं, माझं नाव बघून कंपनी त्याला पत देईल.

तुमच्याकडे असा फोन आला, तर त्या मुलाला कंपनीचं नाव आणि अधिकारपत्र मागा, वेळ टिपून ठेवा आणि फोन ठेवून द्या. आणि ज्यानं तुमचा नंबर दिलाय, त्याला त्याच दिवशी फोन करा. मी तीन आठवडे उशीर केला.